ब्रेकच्या नळीची कुळकथा

गाडी लिफ्टवर चढली की मेकॅनिक आपल्याला खाली बोलावतो आणि कायकाय दाखवतो. सायलेन्सर सडला आहे, टायर एका बाजूने झिजला आहे, कुठे तेल ठिबकते आहे. या सगळ्या अवजड सामानाच्या कडेकडेने एक पेन्सिलीहून बारीक नळी पुढच्या टोकापासून मागच्या चाकापर्यंत गेलेली असते. तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. बाहेरचा व्यास ३/१६ इंच, म्हणजे पावणेपाच मिलिमीटर. भिंतीची जाडी जेमतेम पाऊण मिलिमीटर. आत जे पोकळ राहते त्यातून तांदळाचा दाणा उभा कसाबसा सरकेल. दीड-दोन टनांची गाडी हायवेवर ताशी सत्तर मैलांनी धावत असताना समोर हरीण आले, तर पायाचा जोर चारी चाकांपर्यंत पोचवणारी वस्तू हीच.

जोर म्हणजे किती, याचा हिशोब सोपा आहे. पायाने ५० किलो, म्हणजे ११० पौंड दाब दिला. पेडलची तरफ सहापट धरली तर ६६० पौंड झाले. हा जोर एक इंच व्यासाच्या दट्ट्यावर पडतो, ज्याचे क्षेत्रफळ ०.७८५ चौरस इंच. भागाकार केला की दर चौरस इंचाला सुमारे ८४० पौंड येतात. टायरमधली हवा ३०-३२ पौंडांची असते, हे लक्षात घेतले की त्या बारीक नळीबद्दल थोडा आदर वाटू लागतो. घाबरून दोन्ही पायांनी ब्रेक दाबला तर हा आकडा हजाराच्या वर सहज जातो.

जुन्या मोटारी पुन्हा उभ्या करण्याचा छंद ज्यांना आहे (आपल्या मंडळींत असे थोडेच, बहुतेकांना नवी टोयोटा पुरते) त्यांना कधी ना कधी ही नळी नव्याने वाकवून गाडीखाली बसवावी लागते. ते काम करताना तिचा इतिहास माहीत असला तर फार उपयोग होतो, कारण ती आज जशी आहे तशी होण्यामागे प्रत्येक वेळी कोणाचातरी जीव धोक्यात आलेला आहे.

नळीच्या आधी सळ्या होत्या. आपल्याकडच्या जुन्या ॲटलस किंवा हर्क्युलस सायकलचा ब्रेक आठवा: हँडलखालची ती वाकडी सळई, तिला जोडलेली दुसरी, मग पेडलजवळून मागच्या चाकाकडे गेलेली तिसरी. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत मोटारीचे ब्रेक याच जातीचे होते, सळ्यांचे किंवा पोलादी तारेचे, आणि बहुतेक गाड्यांत फक्त मागच्या चाकांना. वास्तविक ब्रेक लावल्यावर गाडीचे वजन पुढे झुकते, म्हणजे खरी पकड पुढच्या चाकांची. हे इंजिनियरांना ठाऊक नव्हते असे नाही. पण पुढचे चाक डावी-उजवीकडे वळते, स्प्रिंगवर खालीवर होते, आणि अशा हलत्या चाकापर्यंत सळईने जोर न्यायचा म्हणजे चाक वळवताच ब्रेक आपोआप लागण्याची किंवा सुटण्याची भीती. १९१९ साली हिस्पानो-सुइझाने आपल्या एच-६ या गाडीत चारी चाकांना यांत्रिक ब्रेक आणि त्यांना जोर देणारी यंत्रणा बसवून दाखवली, पण ती गाडी राजेरजवाड्यांची. सामान्यांच्या गाडीत चार तारा सारख्या ताणात ठेवणे हीच मोठी कटकट होती. एक तार अर्धा इंच सैल पडली की ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढली जाई, आणि ओल्या रस्त्यावर गिरकी घेई.

उपाय तसा जुनाच होता. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोचतो, हे फ्रान्सच्या पास्कालने सतराव्या शतकात मांडले. त्याचा त्यावरचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६६३ मध्ये छापला गेला. १७९५ मध्ये इंग्लंडच्या जोसेफ ब्रामाने त्या तत्त्वावर दाबयंत्राचे पेटंट घेतले. चारी चाकांना आपोआप समान दाब हवा असेल तर तारांऐवजी नळीत द्रव भरा, एवढीच गोष्ट. पण ती मोटारीत बसवून चालवून दाखवायला आणखी सव्वाशे वर्षे गेली, आणि ते काम केले ते एका विमानवाल्याने.

त्याचे नाव माल्कम. आडनाव लिहिताना एल-ओ-यू-जी-एच-इ-ए-डी, उच्चार मात्र 'लॉकहीड'. माल्कम आणि त्याचा भाऊ ॲलन यांनी १९१३ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीवर आपले पहिले समुद्री विमान उडवले. पुढे सांता बार्बराला कंपनी काढली. पण पहिले महायुद्ध संपल्यावर विमाने कोण घेणार? १९१७ मध्ये माल्कमने द्रवाच्या ब्रेकचे पेटंट घेतले होते. ते खिशात घालून तो १९१९ मध्ये विमानधंदा सोडून डेट्रॉइटला गेला. लोक त्याचे आडनाव वाचून त्याला 'लॉगहेड' म्हणत, म्हणून त्याने कंपनीचे नाव उच्चाराप्रमाणे सरळ 'लॉकहीड' असे लिहिले. आडनावाचे मातेरे होणे म्हणजे काय, हे इथे राहणाऱ्या कुलकर्ण्यांना आणि क्षीरसागरांना समजावून सांगायला नको! नंतर भावानेही तेच स्पेलिंग उचलले, आणि १९२६ मध्ये निघालेल्या विमान कंपनीला तेच नाव मिळाले. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे पहिले विमान मुंबईहून लंडनला निघाले ते याच लॉकहीड नावाचे, कॉन्स्टेलेशन. तोवर दोघा भावांचा त्या कंपनीशी संबंध उरला नव्हता. माल्कमने तर ब्रेकची कंपनीही १९३२ मध्ये बेंडिक्सला विकून टाकली होती.

त्याचे ब्रेक प्रथम नावारूपाला आले ते ड्यूसेनबर्ग बंधूंच्या गाडीवर. १९२१ पासून विकल्या गेलेल्या मॉडेल-ए ड्यूसेनबर्गला चारी चाकांना द्रवाचे ब्रेक होते. त्याच वर्षी जुलैमध्ये फ्रान्समधल्या ल माँ येथे भरलेल्या ग्रां प्री शर्यतीत जिमी मर्फी हा अमेरिकन ड्यूसेनबर्ग घेऊन उतरला आणि जिंकला. अमेरिकन गाडीत अमेरिकन माणसाने युरोपातली अशी शर्यत जिंकण्याचा तो पहिलाच प्रसंग. तिथला रस्ता धड नव्हता, दगड उडत होते, आणि वळणावर इतरांपेक्षा उशिरा ब्रेक लावता येणे ही मोठीच जमेची बाजू होती.

पण ड्यूसेनबर्ग घेणारे किती? ही गोष्ट साध्या माणसापर्यंत आणली वॉल्टर क्रायस्लरने. १९२४ ची क्रायस्लर सिक्स ही परवडणाऱ्या किमतीत चारी चाकांना द्रवाचे ब्रेक देणारी गाडी. झेडर, स्केल्टन आणि ब्रीअर या त्याच्या तीन इंजिनियरांनी लॉकहीडच्या रचनेतले एक मोठे दुखणे दूर केले. मुळात दट्ट्याभोवतीच्या वाट्या चामड्याच्या होत्या. चामडे वाळले की आकसते आणि द्रव झिरपतो. त्यांनी रबराच्या वाट्या घातल्या. दाब वाढला की वाटीची कड आपणहून सिलिंडरला अधिक घट्ट चिकटते. आजही आपल्या गाडीत हेच तत्त्व आहे.

या सगळ्यात हेन्री फोर्ड मात्र हटून बसला. जाहिरातीत त्याची कंपनी अभिमानाने सांगे की आमच्या गाडीत पेडलपासून चाकापर्यंत पोलादाची सुरक्षितता आहे. शेवरोलेने १९३६ मध्ये द्रवाचे ब्रेक घेतले तरी फोर्डच्या गाडीत ते १९३९ च्या मॉडेलपर्यंत आले नाहीत. म्हाताऱ्याच्या हट्टीपणाची थट्टा पुष्कळांनी केली आहे, पण मला विचाराल तर त्याच्या शंकेत तथ्य होते. सळ्यांच्या ब्रेकमध्ये एक सळई तुटली तर बाकीची तीन चाके राहतात. नळीच्या ब्रेकमध्ये सगळा द्रव एकच. एका चाकाजवळ नळीला सुईएवढे छिद्र पडले की पेडल थेट जमिनीला टेकते आणि चारी चाके मोकळी होतात. फोर्डने ज्या भीतीवर बोट ठेवले होते तिचे उत्तर सापडायला आणखी तीसएक वर्षे लागली. तेवढ्या काळात त्या बारीक नळीवर जी मेहनत झाली ती या भीतीपोटीच.

आधी द्रवाचे बघू. आपण मराठीत त्याला सर्रास ब्रेक ऑइल म्हणतो. ते खनिज तेल असून चालत नाही, कारण खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगते आणि सडते. रबराला न दुखवणारा, थंडीत न गोठणारा आणि धातूला थोडे वंगण देणारा द्रव हवा होता. तो मिळाला अल्कोहोल आणि एरंडेल यांच्या मिश्रणात. होय, तेच एरंडेल! सुट्टीच्या दिवशी सकाळी नाक दाबून घशात ओतले जाई ते. अमेरिकेतल्या पहिल्या लाखो ब्रेकयुक्त गाड्यांच्या नळ्यांतून एरंडेल वाहत होते हे कळल्यापासून मला आजीबद्दलचा आदर दुणावला आहे. जगातले बहुतेक एरंडेल आजही भारतातून, त्यातही गुजरातेतून येते.

अल्कोहोल लवकर उकळते हा त्यातला दोष. लांब उतारावर ड्रम तापले की नळीच्या टोकाशी द्रवाची वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. पेडल स्पंजासारखे लागते आणि गाडी थांबत नाही. म्हणून पुढे ग्लायकॉल जातीचे द्रव आले. आज बाटलीवर डॉट ३, डॉट ४ असे जे लिहिलेले असते ते मुख्यतः उकळण्याच्या मर्यादेनुसार: ताजे डॉट ३ किमान २०५ अंश सेल्सियसपर्यंत टिकले पाहिजे, डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत. पण ग्लायकॉल हवेतले पाणी शोषते. पाणी मुरलेल्या डॉट ३ ची किमान मर्यादा १४० अंशांवर येते, आणि ते पाणी नळीला आतून गंज चढवते तो वेगळाच.

आता नळीचा धातू. सुरुवातीला तांबे वापरले गेले, आणि त्यात नवल नाही. तांबे मऊ, हाताने वाकते, गंजत नाही. घरच्या बंबाची नळी तांब्याचीच असे. पण मोटार सतत थरथरते. तांबे थरथरीने हळूहळू कडक होते, आणि एक दिवस नटाच्या मागे केसाएवढी चीर पडते. नळी बाहेरून चकचकीतच दिसते, म्हणून फसवते. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी पाण्याची तांब्याची नळी आजही काही हौशी लोक गाडीला लावतात. त्यांना हात जोडून सांगावे लागते की बाबांनो, ती फ्रिजला लावा.

उत्तर आले डेट्रॉइटमधूनच. हॅरी बंडी नावाच्या माणसाच्या कंपनीने तांब्याचा मुलामा दिलेली पोलादी पट्टी घेऊन ती पुऱ्या दोन वेढ्यांत गुंडाळली, आणि भट्टीतून काढली. भट्टीत तांबे वितळते, दोन वेढ्यांमधल्या फटीत शिरते आणि त्यांना एकजीव करते. अळूवडीचा उंडा कसा गुंडाळतो, तसे. आत सलग पोकळी, भिंत दुहेरी, आणि एका थरातला दोष दुसऱ्या थराखाली झाकला जातो. 'बंडीवेल्ड' या नावाने ती प्रसिद्ध झाली आणि पुढची अनेक दशके ब्रेकची नळी म्हणजे हीच, असे समीकरण झाले. वरून गंजू नये म्हणून शिसे-कथिलाचा हात दिलेला असे.

या दुहेरी नळीमुळे टोकाची घडणही बदलली. नळी नटाने जोडायची तर तिचे तोंड कर्ण्यासारखे उघडावे लागते, म्हणजे नट ते तोंड शंकूवर दाबून धरतो. मात्र वेढ्यांची पोलादी नळी एकदाच कर्ण्यासारखी ताणली तर कडेला उकलते. म्हणून टोक आधी कांद्यासारखे फुगवायचे आणि मग तो फुगवटा आत दुमडायचा, म्हणजे कडेशी दोन पदर बसतात. हा झाला ४५ अंशांचा दुहेरी फ्लेअर, अमेरिकन गाड्यांचा. पुढे युरोपीय गाड्यांत नुसता फुगवटा ठेवण्याची पद्धत रुळली; तिचे बसण्याचे खोबणे वेगळ्या आकाराचे असते. साठच्या दशकातल्या ब्रिटिश गाड्यांत तर एकाच गाडीत दोन्ही प्रकार सापडतात. एकाची नळी दुसऱ्याच्या खोबणीत घालून जोराने आवळली तर ती त्या दिवसापुरती गळत नाही, आणि हाच खरा धोका.

प्रत्यक्ष कामाकडे वळू. उदाहरणाला १९६६ ची फोर्ड मस्टँग घेतो, कारण इथे ती मुबलक आहे आणि माझ्या गॅरेजात एक गेली काही वर्षे आहे. एप्रिल १९६४ मध्ये न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात ही गाडी प्रथम दाखवली गेली. मास्टर सिलिंडरमधून एक नळी निघते, ती खालच्या एका पितळी ठोकळ्यात येते. तिथून दोन फाटे पुढच्या चाकांना आणि एक लांबलचक नळी गाडीच्या तळाने मागे. मागे ती एका रबरी होजला भेटते, होज ॲक्सलवरच्या तिठ्याला, आणि तिथून दोन नळ्या दोन चाकांना.

जुनी नळी काढताना तिचे तुकडे करू नयेत असे सगळे सांगतात, आणि गंजलेल्या नटाशी तासभर झगडल्यावर सगळेच करवत शोधू लागतात. शक्यतो आवर घालावा. कारखान्यात या नळ्या साच्यावर वाकवलेल्या असत, आणि त्यातल्या प्रत्येक वळणाला कारण असे. इथे दोन इंच बाहेर का आली? कारण तिथे एक्झॉस्टचा पाइप जवळ येतो आणि द्रव तापतो. इथे अकारण आडवा वेटोळा का? कारण एक बाजू थरथरते आणि दुसरी स्थिर आहे; वेटोळा ती थरथर पोटात घेतो. चाकाजवळच्या नळीवर स्प्रिंग का गुंडाळली आहे? टायरने उडवलेला खडा नळीवर बसू नये म्हणून. जुनी नळी हीच तुमची नकाशावही. तिच्यावर सुतळी ठेवून लांबी मोजावी, दोन्ही टोकांच्या फ्लेअरसाठी थोडी जास्त धरावी. जुनी नळी मुळातच गायब असेल तर वेल्डिंगची मऊ सळई गाडीखाली हाताने वाकवून नमुना करावा. सळई पन्नासदा वाकवली तरी चालते, नळी नाही. वाकवलेली नळी सरळ करून पुन्हा वाकवली की धातू त्या जागी दुबळा होतो.

नळी वेटोळ्यात विकत मिळते. ती सपाट फळीवर ठेवून दुसऱ्या फळीने पोळीसारखी लाटली की सरळ होते. कापायला करवत नको, चाकाचा कटर हवा. आतली कड खरवडून घ्यावी आणि नळीत फुंकर मारून कीस बाहेर काढावा, कारण तो कीस जाऊन बसणार रबराच्या वाटीखाली. मग नट आधी नळीत ओवायचा आणि नंतर तोंड उघडायचे. हे वाक्य वाचून अनुभवी वाचक हसतील. नट बाहेर राहिला आणि सुरेख फ्लेअर तयार झाला, हा प्रसंग नवख्याच्या वाट्याला ठरलेलाच असतो. मग टोक कापून पुन्हा पहिल्यापासून.

वाकवण्याची सुरुवात फ्लेअरला चिकटून करू नये. नट मागे सरकायला सरळ जागा लागते, नाहीतर नळी जागेवर बसल्यावर पानाच फिरत नाही. वळणाची त्रिज्या अर्ध्या-पाऊण इंचाहून कमी नको. हातात धरायचे छोटे यंत्र मिळते, त्याच्या खाचेत नळी सपाट होत नाही. मोठ्या वळणांना एखादा डबा किंवा पंख्याच्या पट्ट्याची पुली पुरते. एका टोकाकडून दुसरीकडे वळणे घेत जावे, मधूनमधून गाडीखाली जाऊन लावून बघावे. उभा वेटोळा टाळावा, कारण त्याच्या माथ्यावर हवेचा बुडबुडा अडकतो. दर फूट-दीड फुटाला पट्टी लावून नळी पक्की करावी. मोकळी नळी थरथरते, आणि पत्र्याला घासून तिला भोक पडायला एक-दोन हिवाळे पुरतात. जिथे एक भाग दुसऱ्याच्या मानाने हलतो तिथे धातूची नळी चालतच नाही, तिथे होजच हवा. आणि पाण्याच्या नळांना लावतात तसले दाबकड्यांचे जोड या कामात कधीही वापरू नयेत.

मस्टँगसाठी हा सगळा खटाटोप न करता वाकवलेल्या तयार नळ्यांचा संचही मिळतो. लांब नळी खोक्यात मावत नाही म्हणून मधोमध दुमडून पाठवतात, आणि ती नेमकी कुठे उलगडायची यावर अर्धा दिवस जातो. तरी मी नवख्याला तयार संचच घ्या म्हणेन.

आता ज्या मुद्द्यावर हौशी लोकांत हमरीतुमरी होते तिथे येतो. १९६६ च्या मस्टँगचा मास्टर सिलिंडर एकखणी आहे, म्हणजे हेन्री फोर्डची जुनी भीती त्यात जशीच्या तशी शिल्लक आहे. दोन खणांचा, पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगळा द्रव देणारा सिलिंडर कॅडिलॅकने १९६२ मध्येच दिला होता. १९६५ मध्ये राल्फ नेडरचे मोटारींच्या असुरक्षिततेवरचे पुस्तक आले, सप्टेंबर १९६६ मध्ये अध्यक्ष जॉन्सन यांनी वाहन सुरक्षा कायद्यावर सही केली, मस्टँगला १९६७ च्या मॉडेलपासून दुहेरी सिलिंडर आला, आणि १ जानेवारी १९६८ पासून नव्या मोटारींना तो कायद्याने बंधनकारक झाला. म्हणजे एका वर्षाच्या फरकाने दोन सारख्या दिसणाऱ्या गाड्या. एकीत नळी फुटली तर निम्मे ब्रेक उरतात, दुसरीत काहीच नाही. गाडी मूळ रूपात ठेवणारे म्हणतात, १९६६ ची गाडी १९६६ सारखीच असावी. प्रदर्शनात ट्रेलरवरून नेणाऱ्याने तसे म्हणावे. मुलांना मागे बसवून आइस्क्रीम खायला जाणाऱ्याने दुहेरी सिलिंडर बसवावा, त्यासाठी पुढच्या नळ्या नव्याने वाकवाव्या लागल्या तरी. जुना सिलिंडर आणि नळ्या फडक्यात गुंडाळून, चिठ्ठी लावून माळ्यावर ठेवाव्यात. पुढच्या मालकाला इतिहास हवा असेल तर तो हजर आहे.

नळीच्या धातूबद्दलही असाच वाद. उत्तरेकडच्या राज्यांत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, आणि बंडीची पोलादी नळी मिठापुढे हरते. ही काही फक्त जुन्या गाड्यांची गोष्ट नाही. जनरल मोटर्सच्या १९९९ ते २००३ च्या ट्रकांतल्या गंजलेल्या ब्रेक नळ्यांची चौकशी अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा खात्याने काही वर्षे केली, आणि २०१५ मध्ये गाड्या परत न बोलावता ती बंद केली. जुन्या गाड्यांच्या मालकांनी तळ धुवावा आणि नळ्या तपासून घ्याव्यात, असा सल्ला सर्वांना दिला. तोडगा मात्र बराच आधी सापडला होता. जहाजांत समुद्राचे पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांसाठी तांबे आणि सुमारे दहा टक्के निकेल, थोडे लोखंड आणि मँगनीज अशी मिश्रधातू वापरली जाते. स्वीडनमध्येही रस्त्यावर मीठ पडते, म्हणून व्होल्वोने १९७६ मध्ये ती ब्रेकच्या नळीला घेतली. ती शुद्ध तांब्यासारखी थकत नाही, पोलादासारखी गंजत नाही, हाताने वाकते आणि फ्लेअर सुरेख होतो. स्टेनलेस स्टील दिसायला छान, पण त्याचे तोंड शंकूवर नीट बसवता बसवता घाम फुटतो. रंग तांबूस दिसतो म्हणून प्रदर्शनाचे परीक्षक तांबे-निकेलचे गुण कापतात. कापोत.

मुंबईशी याचा संबंध आहे, आणि तो क्रायस्लरमार्गे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात प्रथम क्रायस्लरच्याच डॉज आणि प्लिमथ जोडल्या जात, म्हणजे रबराच्या वाट्यांचा ब्रेक आपल्याकडे थेट घरच्यांकडून आला. मग फियाट आली. जुन्या गोल फियाटला मुंबईकर 'डुक्कर फियाट' म्हणत. पुढे १९६४ ची ११००-डी, जिला सत्तरच्या दशकात पद्मिनी हे नाव मिळाले. काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपात ती ऑक्टोबर २०२३ पर्यंत मुंबईच्या रस्त्यावर होती. तिच्या नळ्या वाकवायला ना तयार संच, ना यंत्र. गल्लीतल्या गॅरेजवाला गुडघ्यावर आणि अंगठ्याने नळी वाकवी, आणि ती बसे.

काम संपले की राहते हवा काढणे. मुंबईत गॅरेजवाला पोऱ्याला सीटवर बसवून ओरडे: 'मार पंप... धर... सोड!' इथे पोऱ्या नसतो, त्यामुळे घरातल्या कोणाची तरी मनधरणी करावी लागते. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरचे चाक आधी: डाव्या हाताच्या स्टिअरिंगच्या मस्टँगला मागचे उजवे, मग मागचे डावे, पुढचे उजवे, शेवटी पुढचे डावे. निपलला पारदर्शक नळी लावून तिचे टोक द्रवाच्या बाटलीत बुडवावे आणि बुडबुडे थांबेपर्यंत चालू ठेवावे. वरची टाकी मध्येच रिकामी होऊ देऊ नये. रंगावर एक थेंब पडला तरी ताबडतोब पाण्याने धुवावा, ग्लायकॉल रंग उचलतो. त्यानंतर पेडल सर्व जोर लावून मिनिटभर दाबून धरावे, आणि दुसऱ्याने बॅटरी घेऊन प्रत्येक नट बोटाने चाचपावा. ओले लागले तर नट सोडून एकदोनदा पुन्हा आवळावा, तोंड शंकूवर बसते. तरीही झिरपले तर ती नळी काढून नवी करावी. रात्री प्रत्येक जोडाखाली कोरा कागद पसरून ठेवावा, सकाळी बघावे, आणि पहिली फेरी घरासमोरच्या सपाट रस्त्यावर, पायी चालण्याच्या वेगाने, हँडब्रेकवर हात ठेवून.